डिझेलच्या पाइपवरचा साबण

माझा मोठा भाऊ ट्रक चालवतो. ट्रक घरचाच आहे, वडिलांनी घेतलेला, सहा चाकी, जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाचा. दरवर्षी पासिंगच्या वेळी कोणीतरी सांगतं की आता हा भंगारात काढा, आणि दरवर्षी तो पास होतो. दादा मूल आणि सावली या गावांकडच्या राइस मिलमधून तांदूळ नाहीतर कोंडा भरतो आणि चंद्रपूर-बल्लारपूरला आणून टाकतो. आमचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात. मी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहतो. कोळसा किती आला आणि किती जळला याची आकडेमोड करण्यातच माझी आजवरची नोकरी झाली, आणि तीच सवय घरातही लागली आहे. बायको म्हणते की मी भाजीसुद्धा सरासरी काढून आणतो.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वहिनी डोळे दाखवायला चंद्रपूरला आली तेव्हा आमच्याकडे उतरली होती. जेवणानंतर ताटं उचलता उचलता ती म्हणाली, "भाऊजी, एक सांगू का? तुमचे दादा गाडीतून उतरतच नाईत."

"कुठं उतरत नाहीत?"

"जंगलात. गाडी बंद पडली का काचा वर करून बसून राहते माणूस. मागून एखादी गाडी येईपर्यंत. लघवीले बाटली ठेवून राह्यले, बाटली." ती हसली, आणि मग तिला हसणं पुरं करता आलं नाही.

हे मला लगेच समजलं, कारण त्यामागची गोष्ट मला अर्धी माहीत होती. त्याआधीच्या हिवाळ्यात मूल ते चंद्रपूर या जंगलाच्या पट्ट्यात दादाची गाडी बंद पडली होती. जुन्या डिझेल गाडीच्या पाइपात कुठून तरी हवा शिरली की इंजिन मरतं. मग ड्रायव्हरला खाली उतरावं लागतं, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून इंजिनाच्या बाजूचा छोटा हातपंप दाबत राहावं लागतं. आधी फेस येतो, मग बुडबुडे येतात, मग नुसतं डिझेल येतं. तेव्हा स्क्रू आवळायचा आणि गाडी चालू करायची. यात माणसाचं तोंड इंजिनाकडे आणि पाठ रस्त्याकडे असते. दादा असाच वाकून पंप मारत होता. समोरून एसटी आली आणि तिचा ड्रायव्हर थांबून हॉर्न वाजवायला लागला. दादाला वाटलं, रस्ता मागतो आहे. त्यानं हात करून जा म्हटलं. तरी हॉर्न थांबेना. म्हणून त्यानं मागं पाहिलं. ट्रकच्या मागच्या चाकापासून थोडं पुढं, डांबराच्या कडेला वाघीण बसली होती.

एसटीवाल्यानं बस मध्ये घातली, दादा कॅबिनमध्ये चढला, वाघीण उठून निघून गेली. एवढंच झालं. गावात दादानं ही गोष्ट रंगवून सांगितली, लोक हसले, पोरांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावली. वाघानं माणूस नेल्याची बातमी आमच्याकडे नवी नाही. त्यात हा सुटला, म्हणून गोष्ट हसण्याची झाली. पण एक गोष्ट तो कोणालाच सांगत नव्हता आणि वहिनीला तेवढी सांगितली होती. ती तिथं किती वेळापासून बसून होती, हे त्याला कधीच कळणार नव्हतं.

तेव्हापासून गाडीवर क्लीनर टिकला नाही आणि दादा एकटाच जायचा. ट्रक विकून दुसरं काही कर, असं त्याला सांगणं शक्य नव्हतं. शेतात त्याचं मन कधी लागलं नाही. घरी दोन दिवस बसला तरी तो कोणाशी नीट बोलत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. म्हणजे तो जाणारच होता. आणि गाडी बंद पडली तर उतरणार नव्हता.

मी त्याला वाघिणीबद्दल काही विचारलं नाही. पुढच्या फेरीला तो माल टाकून क्वार्टरवर चहाला आला तेव्हा एवढंच विचारलं, "गाडी इतकी बंद काऊन पडते?"

"हवा घेते बे."

"कुठून घेते?"

"थे माहीत असतं तर घेऊ देलो असतो काय?"

मग मी त्याच्याकडून गाडी कुठं कुठं थांबली होती ते विचारून घेतलं. तो चिडत होता, पण सांगत होता. बहुतेक वेळा टाकी अर्ध्याखाली आणि रस्ता चढाचा, असं निघालं. म्हणजे टाकीतून डिझेल ओढताना गाडीला जोर लागायचा आणि त्याच वेळी ती हवा ओढायची. एका रविवारी मी मोटारसायकल घेऊन तो सगळा पट्टा फिरून आलो आणि मोबाइलला रेंज कुठं मिळते तेही पाहून घेतलं. चढाच्या दोन्ही बाजूंना रेंज नव्हती.

बल्लारपूरला एक म्हातारे मिस्त्री आहेत, वडिलांच्या काळापासून आमची गाडी त्यांच्याकडेच जाते. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना मी सांगितलं की मला असं काहीतरी करून पाहिजे की हवा शिरली तरी ड्रायव्हरला उतरावं लागू नये.

चाचांनी आधी माझ्याकडे आणि मग ट्रककडे पाहिलं. "म्हाताऱ्याले नवी कवळी बसवून राह्यले भाऊ तुम्ही."

"बसते का ते सांगा."

"बसते. काऊन नाई बसत?"

त्यांनी सांगितलेला उपाय मला पटला. टाकीजवळ बॅटरीवर चालणारा पंप बसवायचा आणि त्याचं बटण कॅबिनमध्ये द्यायचं. आतापर्यंत इंजिन टाकीतून डिझेल ओढत होतं. आता मागून पंप ते ढकलेल. हवा शिरलीच तर बटण दाबून बसायचं, पंप ती हवा परतीच्या पाइपनं टाकीत ढकलून देईल. पंप बंद ठेवला तरी गाडी जुन्या पद्धतीनं त्याच्यातूनच डिझेल ओढत राहील. शिवाय डिझेलमधलं पाणी खाली बसवणारा मोठा फिल्टर टाकायचा, कारण गावाकडे आम्ही ड्रममधलं डिझेल वापरतो आणि पावसाळ्यात त्यात पाणी निघतं. टाकी उतरवून धुवायची, रबरी नळ्या सगळ्या बदलायच्या.

टाकी धुतली तेव्हा तिच्यातून गंज, चिंधीचा तुकडा आणि एक बाटलीचं झाकण निघालं. दादा म्हणाला, "अरे, हे झाकण मीच शोधून राह्यलो होतो." चाचा म्हणाले, "किती साल झाले?" सगळे हसले. दादाला इतक्या मोकळेपणानं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

चासीला धरून मागून पुढं जाणारा लोखंडी पाइप मात्र तसाच राहिला. त्याला कॅबिनच्या मागं एक जोड होता, त्यावर वर्षानुवर्षांचा काळा थर बसलेला. चाचांनी बोट फिरवून पाहिलं, बोट कोरडं आलं. "हा चांगला हाये," ते म्हणाले. मीही वाकून पाहिलं, मलाही तो कोरडाच दिसला. दादा तेव्हा चहा सांगायला गेला होता.

काम झाल्यावर चाचांनी दादाला कॅबिनमध्ये बसवून बटण दाखवलं. दाबलं की मागून बारीक घूं असा आवाज यायचा. दादानं ते दोन-तीनदा दाबून पाहिलं.

"हे कशाले केलं तू?" त्यानं मला विचारलं.

"उतरायचा त्रास नको म्हणून."

त्यानं बटण आणखी एकदा दाबलं. "तुले कोणं सांगतलं?"

"काय?"

"काई नाई," तो म्हणाला आणि गाडी चालू केली.

त्यानंतर तीन महिने गाडी एकदाही बंद पडली नाही. जंगल लागलं की तो बटण चालू करायचा आणि जंगल संपलं की बंद करायचा. वहिनीचा फोन आला, "बाटली फेकून देली त्याहीनं." मला समाधान वाटलं, हे मी नाकारत नाही. आपण आकडे मांडले, कारण शोधलं, उपाय केला, आणि तो लागू पडला, असं मला वाटत होतं.

ऑक्टोबरात आमच्या गावचे लोक चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातात. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवसांत एसटीत पाय ठेवायला जागा नसते आणि वडिलांच्या काळापासून आमचा ट्रक गावाला घेऊन जातो. आदल्या दिवशी ट्रक धुवायचा, फाळक्यांना निळे झेंडे बांधायचे, आत ताडपत्री आणि सतरंज्या अंथरायच्या. दरवर्षी दादा गाडी गावच्या बोडीवर, म्हणजे तळ्यावर नेऊन बादल्यांनी धुवायचा. त्या वर्षी मी रजा घेऊन गावी गेलो होतो. नवीन काम झालं आहे तर गाडी नीट धुवून घेऊ म्हणून गडचिरोलीला सर्व्हिसिंगवाल्याकडे नेली. त्यानं जोराच्या पाण्यानं ती खालूनवरून झोडपून काढली. चासीवरचा काळा थर निघाला आणि खालचा रंग दिसला.

सकाळी आम्ही निघालो. मागं बायाबापड्या, म्हातारी माणसं, लेकरं, सगळ्यांचे कपडे पांढरे. दादानंही पांढरा शर्ट-पायजमा घातला होता. कॅबिनमध्ये दादा, वहिनी आणि मी. मूल मागं पडलं, जंगल सुरू झालं आणि दादानं बटण दाबलं.

थोड्या वेळानं वहिनी म्हणाली, "डिझेलचा वास येऊन राह्यला."

"नवा फिल्टर हाये, येते थोडासा," दादा म्हणाला.

"काल नव्हता."

"तू नाक बाहीर काढून बस ना."

मला वास येत होता. मी काटे पाहिले. सगळे ठीक होते. गाडी चढावर एकसारखी ओढत होती, कुठं धक्का नाही, खोकला नाही. म्हणून मी काही बोललो नाही.

मग मागच्या फाळक्यावर लोक थापा मारायला लागले, ओरडायला लागले. दादानं गाडी बाजूला घेतली. मागून एक माणूस मोटारसायकल ढकलत येत होता, त्याच्या मागं त्याची बायको लंगडत चालत होती. दोघांच्या पांढऱ्या कपड्यांना डांबर आणि डिझेल लागलेलं. तीही दीक्षाभूमीलाच निघालेली माणसं होती.

"ओ भाऊ, गाडी चालवून राह्यले का टँकर रिकामा करून राह्यले?" तो लांबूनच ओरडला. "सगळ्या रस्त्यावर डिझेल! घसरलो ना आम्ही!"

त्याच्या बायकोचा कोपर सोलला होता. आमच्या बायांनी तिला वर घेतलं, पाणी दिलं. मी कॅबिनमधून उतरलो आणि खाली वाकून पाहिलं. कॅबिनच्या मागच्या जोडातून डिझेल बारीक पिचकारीसारखं उडत होतं आणि हात-दीड हातावर सायलेन्सरचा पाइप होता. मी ओरडलो, "बटण बंद कर! इंजिन बंद कर!"

इंजिन थांबलं तशी पिचकारीही थांबली. जंगलात एकदम शांत झालं. दोन्हीकडे साग उभे आणि त्यांच्या पायाशी दाट माजलेलं झुडूप. ज्या चढावर वाघीण बसली होती तो थोडाच मागं राहिला होता. मी दादाकडे पाहिलं. तो खिडकीत बसून होता, काच अर्धी वर.

"कुठून उडते?" त्यानं विचारलं.

"मागच्या जोडातून. लोखंडी पाइपच्या."

त्याचा चेहरा बदलला. "तो बदलवला नाई काय?"

"नाही. चाचा म्हणाले, चांगला आहे."

"चांगला कुठचा? साबण होता त्याच्यावर!"

आणि मग सगळं बाहेर आलं. त्या जोडाला बारीक चीर होती, वर्षानुवर्षांची. दादा दरवर्षी दीक्षाभूमीच्या आधी गाडी धुवायचा आणि धुतल्यावर चीर वाढू नये म्हणून तिच्यावर अंगाचा साबण घासायचा, वरून सुतळी गुंडाळायचा, पुन्हा साबण. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, हे आमच्याकडच्या सगळ्या ड्रायव्हरना माहीत असतं. विरघळतो तो पाण्यात. पावसात थोडा थोडा जायचा, आणि मग गाडी हवा घ्यायची. दादाला ही हवा तिथूनच जाते असं कधी वाटलं नव्हतं, कारण तिथून डिझेल कधी टपकत नव्हतं. इंजिन ओढत होतं तोवर चिरेतून हवा आत जायची, डिझेल बाहेर यायचं नाही. आता मागून पंप ढकलत होता. तीन महिने जुना साबण आणि वरचा काळा थर यांनी ती चीर कशीबशी धरली होती, पण सर्व्हिसिंगवाल्याच्या पाण्यानं ते दोन्ही निघून गेलं. आणि या वर्षी सगळंच नवीन झालं म्हणून दादानं साबण लावला नव्हता.

आधी चीर उघडी पडली की गाडी थांबायची. आता ती थांबली नव्हती. घाटासारख्या चढावर, मागं एवढी माणसं घेऊन, गरम सायलेन्सरवर डिझेल उडवत ती व्यवस्थित चालली होती, आणि मी काटे पाहून गप्प बसलो होतो.

"कोणाजवळ साबण हाये काय?" दादानं खिडकीतून विचारलं.

रात्री मुक्काम करायचा म्हणून सगळ्यांनीच पिशवीत साबण घेतला होता. मागून चार-पाच हात पुढं आले. एक म्हातारी म्हणाली, "माझा घे रे, नवा हाये, वासाचा."

"वास कशाले पाहिजे बाई त्याले?" कोणीतरी म्हणालं.

"मंग काय झालं? दीक्षाभूमीले चालली ना गाडी."

मी साबण घेतला आणि म्हणालो, "दे, मी लावतो. कुठं लावायचा ते सांग."

दादानं दार उघडलं. पायरीवर एक पाय ठेवून तो थांबला, मागच्या वळणाकडे पाहत. मला वाटलं, तो परत आत बसेल. बसला असता तर मी त्याला काही म्हणालो नसतो. मग तो उतरला.

"तुले नाई जमणार. तू फक्त मागं पाहत राह्य," तो माझ्या हातातून साबण घेत म्हणाला. "पाठ फिरवू नको."

तो पांढऱ्या कपड्यांनिशी रस्त्यावर उताणा झाला आणि चासीखाली सरकला. मी त्याच्या पायांशी, जंगलाकडे तोंड करून उभा राहिलो. वहिनी दुसऱ्या बाजूला उभी राहिली. मागच्या बायांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी मोठ्यानं बुद्धवंदना सुरू केली, आणि लेकरांनी फाळक्यावर थापा मारायला घेतल्या. खालून दादाचा आवाज येत होता. तो मध्ये मध्ये विचारत होता, "पाहून राह्यला ना?"

"पाहतो आहे."

"तुझी वहिनी हाये का तिकडं?"

"इथीच हावो मी," वहिनी म्हणाली. "तुम्ही आपलं घासा."

तो बाहेर आला तेव्हा त्याची पाठ पूर्ण काळी झाली होती आणि उरलेला साबण म्हातारीला परत देताना त्याच्या हातातून निसटला. पंप बंद ठेवून, जुन्या पद्धतीनं इंजिनाला ओढायला लावून आम्ही निघालो. गाडी चंद्रपूरला पोचली. दादा त्या तशाच कपड्यांत रांगेत उभा राहिला.

पुढच्याच आठवड्यात चाचांकडून तो पाइप बदलून घेतला. चाचांना फार वाईट वाटलं. "कवळी नवी बसवली," ते म्हणाले, "हिरडी पाहिली नाई आपण कोणीच." पंप काढून टाकू का, असं मी विचारलं. ते म्हणाले की आता कशाला, आता सगळं नवीन आहे. याच भरवशावर दादानं त्या वर्षी साबण लावला नव्हता.

दादा ते बटण आता दाबत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "बंद पडली तर समजते तरी, का काई झालं." मी त्याला समजावलं की पाइप नवा आहे, जोड नवे आहेत, आता उडणार नाही. तो ऐकतो आणि दाबत नाही. या बाबतीत त्याला खोडून काढायला माझ्याकडे आकडा नाही.

गाडी क्वचितच थांबते, पण थांबते. दिवाळीनंतर एकदा थांबली, पावसाळ्यात एकदा. तेव्हा दादा उतरला. त्याला आता उतरता येतं, कारण तो एकटा जात नाही. वहिनी डबा घेऊन कॅबिनमध्ये बसते, मूलपासून चंद्रपूरपर्यंत. गाडी थांबली की तो इंजिनावर वाकतो आणि ती त्याच्या पाठीला पाठ लावून रस्त्यावर उभी राहते. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. डाव्या डोळ्यानं तिला लांबचं धूसर दिसतं. हे दादाला माहीत नाही. त्याहीले सांगू नका, असं ती मला म्हणाली.